कसबा मोठा करा, पण पेठा तोडू नका : मतदारसंघ पुनर्रचना आयोगास खुले पत्र

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
मतदारसंघ पुनर्रचना आयोग

महोदय,

२०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत राज्यघटनेने विधानसभेच्या जागा गोठवून ठेवल्या आहेत. ते आकडे आले की महाराष्ट्राचा नकाशा तुमच्यापुढे येईल. त्यात पुणे शहराच्या मधोमध, मुठा नदीला चिकटून, एक छोटा मतदारसंघ दिसेल : कसबा पेठ. मी तिथला मतदार आहे.

आमचा मतदारसंघ आहे तसाच राहू द्या, अशी गळ घालायला हे पत्र लिहिलेलं नाही. माझं पहिलं मागणं उलट आहे : कसबा मोठा करा, त्यात आणखी माणसं घ्या. दुसरं मागणं, मोठा करताना जुन्या पेठांची वाटणी करू नका. तिसरं मागणं नोंदीचं आहे, आणि ते सगळ्यात कमी खर्चाचं असूनही आजवर सगळ्यात दुर्लक्षित राहिलं आहे. तिन्हीमागे कसब्याचा निवडणुकीचा इतिहास आहे. तो थोडा सविस्तर सांगतो, कारण आमच्याबद्दल जे सर्रास बोललं जातं ते आकड्यांशी जुळत नाही.

कसबा म्हटलं की लोक ‘भाजपचा बालेकिल्ला’ म्हणून मोकळे होतात. १९७८ साली इथून जनता पक्षाचे अरविंद लेले निवडून आले. १९८० मध्ये भाजप नुकताच स्थापन झाला होता, राज्यभरात त्याचे अवघे १४ आमदार आले, त्यात लेले होते. पण पुढच्याच निवडणुकीत, १९८५ला, याच पेठांनी काँग्रेसच्या उल्हास काळोखेंना निवडून दिलं. १९९०ला अण्णा जोशींनी जागा परत मिळवली. १९९१ मध्ये ते विठ्ठलराव गाडगीळांना हरवून लोकसभेत गेले आणि रिकाम्या झालेल्या जागेची पोटनिवडणूक काँग्रेसच्या वसंत थोरातांनी जिंकली. त्या पोटनिवडणुकीत हरले होते भाजपचे गिरीश बापट.

त्याच बापटांनी १९९५ पासून २०१४ पर्यंत सलग पाच वेळा कसबा जिंकला. २०१९ला ते खासदार झाले आणि विधानसभेला महापौर मुक्ता टिळक उभ्या राहिल्या. सुमारे २८ हजारांच्या फरकाने त्या जिंकल्या. २२ डिसेंबर २०२२ला त्यांचं निधन झालं, आणि २६ फेब्रुवारी २०२३च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी भाजपच्या हेमंत रासनेंना सुमारे ११ हजार मतांनी हरवलं. ‘२८ वर्षांचा गड ढासळला’ अशा बातम्या देशभर गाजल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये रासनेंनी धंगेकरांना १९ हजारांहून जास्त मतांनी हरवून जागा परत घेतली.

या यादीत दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. १९७८ नंतर काँग्रेसने कसबा तीनदा जिंकला, त्यातले दोन विजय पोटनिवडणुकीतले. आणि दुसरी गोष्ट २०२३ आणि २०२४ शेजारी ठेवल्यावर दिसते. धंगेकरांना जिंकताना साधारण ७३ हजार मतं होती, हरताना साधारण ७० हजार. म्हणजे त्यांच्या मतांचा आकडा फारसा हललाच नाही. रासनेंचा आकडा मात्र ६२ हजारांवरून ९० हजारांवर गेला. पोटनिवडणुकीत निम्म्या मतदारांनी मत दिलं होतं, पुढच्या वर्षी मतदान ५८-५९ टक्क्यांपर्यंत चढलं. पेठांचं मन बदललं की नाही यावर टीव्हीवर तासन्‌तास वाद झाले, उमेदवार कोणत्या जातीचा असावा याची गणितं मांडली गेली. मला विचाराल तर त्या दोन निकालांमधला बराचसा फरक घरी कोण बसलं आणि बाहेर कोण पडलं, एवढ्यात आहे. एका पक्षाच्या मालकीची जागा अशी वागत नाही.

आता तुमच्या कामाशी थेट संबंध असलेला मुद्दा. बापटांचे पाच विजय सगळे एका दमात मोजतात. पण पहिले तीन, म्हणजे १९९५, १९९९ आणि २००४चे, जुन्या सीमांमधले आहेत. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००१च्या जनगणनेवरून आखलेल्या सीमा २००८ साली लागू झाल्या, आणि २००९ व २०१४चे विजय त्या नव्या कसब्यातले आहेत. नाव तेच, माणूस तोच, पण मतदारसंघ तोच नाही.

२००९चा निकाल तर मुळातून पाहण्यासारखा आहे. बापटांना ५५ हजारांच्या आसपास मतं पडली. मनसेकडून उभे असलेले धंगेकर आणि काँग्रेसचे रोहित टिळक, दोघांनाही प्रत्येकी ४७ हजारांच्या घरात. दुसरा आणि तिसरा यांच्यात नावापुरतं अंतर. म्हणजे ज्याला गड म्हणतात तिथे मोजलेल्या मतांपैकी बरीच जास्त मतं विजयी उमेदवाराच्या विरोधात पडली होती, आणि ती दोन जवळजवळ सारख्या भागांत विभागली गेली होती. पाचच वर्षांनी, २०१४ला, तेच तिघे समोरासमोर आले आणि बापट ४० हजारांहून मोठ्या फरकाने जिंकले.

२००९ची ही चुरस मनसेच्या उदयामुळे झाली, की सीमा बदलल्यामुळे? मी याचं उत्तर शोधायला बसतो तेव्हा अडतो. कारण २००४च्या कसब्यातली कोणती मतदान केंद्रं नव्या कसब्यात राहिली, कोणती बाहेर गेली आणि बाहेरून कोणती आत आली, याचा सामान्य मतदाराच्या हाती लागेल असा ताळा कुठे मिळत नाही. केंद्रनिहाय मतांचा तक्ता, म्हणजे नमुना २०, प्रत्येक निवडणुकीनंतर तयार होतो. पण केंद्रांचे क्रमांक आणि हद्दी बदलल्या की एका निवडणुकीचा तक्ता दुसऱ्याला जोडता येत नाही. माझं तिसरं मागणं इथून आलं आहे. त्याकडे शेवटी येतो.

आधी पहिलं. २६ फेब्रुवारी २०२३ला पुणे जिल्ह्यात एकाच दिवशी दोन पोटनिवडणुका होत्या, कसबा आणि चिंचवड. कसब्यात मतदार होते पावणेतीन लाख. चिंचवडमध्ये साडेपाच लाखांहून जास्त. दोन्हीकडे मतदान सुमारे ५० टक्के. कसब्यात ७३ हजार मतं घेणारे धंगेकर आमदार झाले. चिंचवडमध्ये भाजपच्या अश्विनी जगतापांच्या विरोधात राष्ट्रवादीचे नाना काटे ९९ हजार मतं घेऊन हरले.

या दोन आकड्यांवर मी पुन्हा पुन्हा येतो. एकच जिल्हा, एकच दिवस, एकच विधानसभा. एकीकडे ७३ हजार मतांना आमदारकी मिळते आणि दुसरीकडे ९९ हजार मतांना काही नाही. २०२४ पर्यंत हे अंतर वाढलं : चिंचवडचे मतदार साडेसहा लाखांच्या पुढे गेले, कसब्याचे २ लाख ८३ हजारांच्या आसपास राहिले. चिंचवडमधल्या वाकड किंवा रावेतमध्ये राहणाऱ्या माणसाचं मत माझ्या मताच्या निम्म्याहून कमी वजनाचं आहे. आमदार निधी मात्र दोन्ही आमदारांना सारखाच. सभागृहात प्रश्न विचारायला मिळणारा वेळही सारखा. फायदा माझ्या बाजूला असला तरी हे मला योग्य वाटत नाही, आणि पेठेतल्या माणसाने ते स्वतःहून सांगायला हवं असंही वाटतं.

यात आधीच्या आयोगाचा दोष नाही. तुम्ही मतदार मोजत नाही, लोकसंख्या मोजता, आणि त्या आयोगासमोर २००१ची लोकसंख्या होती. तेव्हा पिंपरी-चिंचवड महापालिकेची लोकसंख्या १० लाखांच्या आसपास होती. २०११ला ती १७ लाखांवर गेली. ज्या जनगणनेवर रेषा आखली ती रेषा अमलात येईपर्यंतच जुनी झाली होती. त्यानंतर २०२१ची जनगणना झालीच नाही.

पुढच्या गणनेत कसबा आणखी लहान दिसेल. का, ते मतदार यादीच्या एका पानावरून सांगतो. आमच्या भागाच्या यादीत एका वाड्याचा घर क्रमांक पानभर चालतो. चौकटीत फोटो, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय, आणि प्रत्येक चौकटीत तोच घर क्रमांक. पेठेत हे नेहमीचंच, कारण एका वाड्यात मालक आणि भाडेकरू मिळून बरीच बिऱ्हाडं असत. तो वाडा आता नाही. रस्त्यावरून पाहिलं तर निळे पत्रे लावलेले आहेत, पत्र्यांच्या फटीतून आत जोत्याचे दगड आणि उगवलेलं एरंड दिसतं. नावं यादीत आहेत. माणसं कोथरूड, सिंहगड रस्ता, धायरीला गेली. मतदानाच्या आदल्या दिवशी कार्यकर्ते त्यांना फोन करतात, आणि त्यातले बरेच जण येतातही. सकाळी मत देतात, शेजारच्यांकडे चहा घेतात, मंडईतून भाजी घेऊन परत जातात. मला यात फसवणूक दिसत नाही. जन्मापासूनचं नातं आहे ते, आणि पुनर्विकास झाला की परत यायचं अशी त्यांची मनापासून आशा आहे.

पण जनगणनेचा प्रगणक त्यांना धायरीत मोजेल. आमच्याकडे यादीतला आकडा आणि राहणाऱ्या माणसांचा आकडा यांत अंतर आहे, आणि ते अंतर वाढतं आहे. शनिवारवाड्याच्या आसपास तर ते लवकर भरूनही येणार नाही. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करायला बंदी आहे आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. त्या टापूतल्या वाड्यांचा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत निघतो. मोडकळीला आलेला वाडा पाडता येतो, उभारता येत नाही, मग माणसं जातात. तेव्हा तुमच्या हिशेबात कसबा पुरेसा भरणार नाही, हे आम्ही धरूनच चालतो.

म्हणूनच धास्ती आहे. मतदारसंघ भरत नसेल तर आयोगापुढे दोन वाटा असतात : आजूबाजूचा भाग जोडून तो मोठा करणे, किंवा त्याचे तुकडे करून शेजाऱ्यांना वाटणे. दुसरी वाट पुण्याने पाहिली आहे. भवानी पेठ नावाचा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता, २००८ मध्ये तो संपला. मुंबईत तर याहून मोठा बदल झाला. मुंबई शहर जिल्ह्यात १७ मतदारसंघ होते, ते १० झाले. उपनगरात १७ होते, ते २६ झाले. गिरण्या बंद पडून, चाळी रिकाम्या होऊन माणसं उत्तरेला सरकली होती, त्यामुळे आकडा न्याय्यच होता. पण मुख्यमंत्री असताना मनोहर जोशी ज्या दादरचे आमदार होते तो दादर मतदारसंघ, परळ, नायगाव, माझगाव, खेतवाडी ही नावं विधानसभेच्या यादीतून गेली. नाव जाण्याचं दुःख मी फार धरत नाही. एका वस्तीचा प्रश्न तीन आमदारांमध्ये वाटला जातो आणि त्यांच्यापैकी कुणालाच तो आपला वाटत नाही, हे खरं नुकसान आहे.

पुण्याच्या बाबतीत तो मोह कसा होईल, ते मला दिसतं. नकाशावर पाहिलं तर लक्ष्मी रस्ता, शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता या सरळ, ठळक रेषा आहेत. त्यांवरून कसबा कापला तर एक काप शिवाजीनगरला, एक पर्वतीला, एक कॅन्टोन्मेंटला सहज जोडता येतो. कागदावर प्रत्येक नवा मतदारसंघ सलग दिसेल, लोकसंख्याही जुळेल. पण हे रस्ते पेठांच्या सीमा नाहीत. लक्ष्मी रस्ता पेठांच्या पोटातून जातो. त्याच्या दोन्ही बाजूंना तीच दुकानं, तेच गिऱ्हाईक, त्याच गल्ल्यांची तोंडं, त्याच गणेश मंडळांची माणसं.

पेठांचे प्रश्नही एकमेकांत गुंतलेले आहेत. पडायला आलेले वाडे, भाडेकरू आणि मालक यांचे वर्षानुवर्षांचे दावे, लहान भूखंडांना विकास नियंत्रण नियमावली लागू करताना येणाऱ्या अडचणी, आगीचा बंब शिरणार नाही अशा बोळी, दिवसभर बाहेरून येणाऱ्या लाखभर गाड्यांचा ताण. सदाशिव, नारायण, शनिवार, कसबा, बुधवार, शुक्रवार, सोमवार, रविवार या पेठांत राहणारी माणसं जातीने, धर्माने, व्यवसायाने आणि मतानेही वेगवेगळी आहेत. पण वाड्याचा जिना सगळीकडे सारखाच कुजतो. हा विषय सभागृहात धरून ठेवायला एक आमदार लागतो, ज्याचा जय-पराजय त्यावर अवलंबून असेल. पर्वतीच्या किंवा शिवाजीनगरच्या आमदाराच्या मतदारसंघात पेठांचा पाचवा हिस्सा आला, तर त्याने तो विषय का लावून धरावा?

२००२च्या पुनर्रचना कायद्याने निकष सांगितलेच आहेत : मतदारसंघ शक्यतो भौगोलिकदृष्ट्या सलग असावेत, नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय बघावी. पेठा या शहराच्या सर्वांत जुन्या हद्दी आहेत. पश्चिमेला आणि उत्तरेला नदी आहे, ती हद्द म्हणून ठेवा. वाढवायचं असेल तर पूर्वेकडच्या ज्या पेठा किंवा पेठांचे भाग शेजारच्या मतदारसंघांत गेले आहेत ते परत आणा, आणि तेवढ्याने भागत नसेल तर दक्षिणेला सरका. स्वारगेटच्या पलीकडची वस्तीही आमच्याबरोबर आली तर हरकत नाही.

इथे एक अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही. पुणे कॅन्टोन्मेंट हा अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ आहे. २००८ पूर्वी ते आरक्षण पर्वतीत होतं. पूर्वेकडचा भाग कसब्यात आणला तर कॅन्टोन्मेंटमधलं प्रमाण बदलेल. आमच्या सोयीसाठी तिथल्या प्रतिनिधित्वाला धक्का लागत असेल, तर आधी ते प्रतिनिधित्व बघा. तिथल्या लोकांना विचारल्याशिवाय ही रेषा हलवू नका. पेठा एकत्र ठेवण्याच्या इतर वाटा नक्की निघतील.

काही जण म्हणतील, पेठा एकत्र ठेवायची मागणी एका पक्षाच्या सोयीची आहे. म्हणूनच वर एवढा इतिहास सांगितला. एकत्र पेठांनी लेल्यांना निवडलं आणि काळोख्यांनाही, बापटांना निवडलं आणि धंगेकरांनाही. २००९ला त्यांनी कुणालाच धड बहुमत दिलं नाही. सीमा आखणाऱ्याने या जागेवर कोणाचा हक्क आहे असं गृहीत धरायला आमच्या इतिहासात काही आधार नाही.

आयोगाचे सहयोगी सदस्य म्हणून राज्यातले खासदार आणि आमदार नेमले जातात. त्यांना मताचा अधिकार नसतो, ही कायद्यातली फार शहाणी तरतूद आहे. पण सूचना तर ते करतातच, आणि ज्याला त्याच जागेवर पुन्हा उभं राहायचं आहे त्याची सूचना निर्हेतुक असेल असं मानणं अवघड आहे. पुणे शहरातल्या प्रत्येक मतदारसंघाबाबत कोणत्या सहयोगी सदस्याने कोणता बदल सुचवला आणि आयोगाने तो का स्वीकारला किंवा नाकारला, हे मसुद्यासोबत प्रसिद्ध करावं.

आता तिसरं मागणं. नव्या सीमांचा मसुदा काढताना त्यासोबत एक तक्ता द्यावा : आजचं प्रत्येक मतदान केंद्र, त्यात येणारे रस्ते आणि घर क्रमांक, आणि ते नव्या रचनेत कोणत्या मतदारसंघात जातं. तसाच तक्ता २००८च्या बदलासाठीही तयार करून घ्यावा. कागद जिल्हा निवडणूक कार्यालयांच्या कपाटांतून अजून मिळण्यासारखे असतील, आणखी वीस वर्षांनी मिळतील याची खात्री नाही. आमच्यावर आधीच एकावर एक नकाशे आहेत. महापालिकेचे प्रभाग २०१२ला दोन सदस्यांचे होते, २०१७ला चार सदस्यांचे झाले, आणि प्रभागाच्या रेषा विधानसभेच्या रेषांशी जुळत नाहीत. आपला नगरसेवक कोण आणि आमदार कोण हे विचारलं तर गोंधळ न होणारा मतदार विरळा. केंद्रनिहाय तक्ता असेल तर एखाद्या शाळेतल्या खोलीत पडलेली मतं १९९५ पासून आजपर्यंत सलग वाचता येतील. मग किल्ला, लाट, सुनामी असे शब्द वापरण्यापूर्वी कुणालाही आकडे पाहून घेता येतील, आणि रेषा कुणाच्या फायद्याची आखली गेली या आरोपाला पुराव्याने उत्तर देता येईल.

मसुदा राजपत्रात येईल, त्यावर हरकती मागवल्या जातील आणि जाहीर सुनावणी होईल. ती सुनावणी पुण्यात घ्यावी, मसुदा आणि नकाशे मराठीत असावेत, आणि नकाशा गल्ली दिसेल एवढा मोठा असावा. हरकतीसाठी मिळणारी मुदत गणपती किंवा दिवाळीत येणार नाही एवढंही पाहावं. पेठेतली बरीच माणसं वयस्कर आहेत. त्यांना महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन भिंतीवरचा नकाशा पाहता आला, आणि तिथेच लेखी हरकत देऊन पोच घेता आली, तर ती नक्की येतील.

आपला,
कसबा पेठ विधानसभा मतदारसंघातील एक मतदार
पुणे